बॅच क्रमांक २: आंबण्याचे दिवस आणि बाटलीतले आठवडे

९ जानेवारी

उद्या घरच्या बिअरची दुसरी बॅच लावायची आहे. त्याआधी पहिलीचा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण या वेळी जे काही वेगळं करणार आहे ते सगळं तिच्यामुळेच.

पहिली बॅच नोव्हेंबरच्या शेवटी लावली होती. सोबतच्या माहितीपत्रकात वेळेबद्दल दोनच ओळी होत्या: सात दिवस आंबवा, बुडबुडे थांबले की बाटल्या भरा, आणखी सात दिवसांनी प्या. मी अक्षरशः तसंच केलं. सातव्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची पाण्याची नळी, जिच्यातून वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो पण हवा आत येत नाही) शांत दिसला, बाटल्यांत वायूसाठी साखर घातली आणि त्या भरल्या. हायड्रोमीटर (पाणी १.००० धरून द्रवाची घनता मोजणारं उपकरण; साखर संपते तसं माप उतरतं) घरात होता, पण सुरुवातीचं एक माप घेतल्यावर तो पुन्हा डब्यात गेला होता. आठवड्याने उघडलेली बाटली गोडसर आणि जेमतेम फसफसणारी निघाली. दोन आठवड्यांनी बरी लागली. तीन आठवड्यांनी बूच काढताच फेस बाहेर यायला लागला. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री कपाटात एक बाटली फुटली.

सकाळी कपाट उघडलं तर काचेचा बोटभर लांबीचा तुकडा दाराच्या आतल्या लाकडात रुतलेला. तो काढायला पक्कड घ्यावी लागली. त्या कपाटासमोरून घरातली सगळी माणसं दिवसातून दहा वेळा ये-जा करतात. कुणाला काही झालं नाही, पण तो तुकडा मी जपून ठेवला आहे.

उरलेल्या बाटल्यांना उघड्या हाताने स्पर्श केला नाही. जाड हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, क्रेटवर जाड चादर. आधी सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, कारण थंडीने आतला दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी मोरीत, टॉवेलखाली धरून, एकेक बूच हळूहळू सैल केलं. एका बाटलीतला सगळा वायू जाऊ दिला आणि मग बिअरचं माप घेतलं: १.०१०. बाटल्या भरताना ते किती होतं हे मला कधीच कळणार नाही, कारण तेव्हा मोजलं नव्हतं.

तेव्हा या बॅचमध्ये दोनच गोष्टी शोधायच्या. आंबणं खरोखर संपलं हे कशावरून ठरवायचं? आणि बाटलीत गेल्यावर किती आठवडे, कोणत्या तापमानाला?

१० जानेवारी (दिवस ०)

साधी फिकट एल, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी बिअर. मुद्दामच साधी घेतली, म्हणजे दोष झाकले जाणार नाहीत. १८ लिटरसाठी: सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा सुकवलेला अर्क) सव्वादोन किलो, मलमलच्या पिशवीत भिजवायला क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) ४० ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला आणि २० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत. एक तास उकळ. हॉप्समधली आम्लं कडू व्हायला तेवढा वेळ लागतोच. पातेलं मोठं नाही, म्हणून १० लिटर उकळून बाकीचं पाणी आधी उकळून गार केलेलं घातलं.

उकळ संपल्यानंतर वर्टला (आंबण्याआधीच्या या गोड काढ्याला) लागणारं प्रत्येक भांडं, नळी, चमचा आधी धुऊन मग निर्जंतुक द्रावणात बुडवून घेतलं. यात नवीन काही नाही, सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केलं, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, ओतलं, पाच मिनिटं जोरात हलवलं. यीस्टला वाढीसाठी सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. हवा मुद्दाम मिसळायची ती फक्त याच वेळी. यापुढे बिअरला हवा लागता कामा नये.

तापमान १९ अंश. एल यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट.

सुरुवातीची घनता १.०४८, नमुना २० अंशांना आणून. माझ्या हायड्रोमीटरवर २० अंश असं छापलं आहे. गरम नमुन्यात तो खोलवर बुडतो आणि माप खोटं कमी दाखवतो.

हे पाकीट हातात घेतलं की मला नेहमी एक गोष्ट आठवते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सनने १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. त्याआधी ब्रूअर मागच्या बॅचचा गाळ पुढच्या बॅचला लावत, आणि त्या गाळात चांगल्या यीस्टबरोबर आणखी काय काय असे. आज माझ्यासारखा नवखा माणूस ‘या यीस्टला १९ अंशांना अमुक दिवस लागतील’ असा अंदाज तरी बांधू शकतो, तो त्या कामामुळे.

११ जानेवारी (दिवस १)

सकाळी सात वाजता, म्हणजे चौदा तास झाल्यावर, काहीच हालचाल नाही. मागच्या वेळी याच टप्प्यावर घाबरून झाकण उघडून पाहिलं होतं. आज हात लावला नाही. यीस्ट आधी स्वतःची संख्या वाढवतं, त्यात सहा ते चोवीस तास सहज जातात. दीड-दोन दिवस उलटले तर काळजी करायची.

दुपारी एअरलॉकमधलं पाणी एका बाजूला चढलेलं दिसलं. संध्याकाळी पहिला बुडबुडा. रात्री दहाला दर चार सेकंदांनी एक.

१२ जानेवारी (दिवस २)

फेसाचा थर चार बोटं. पारदर्शक भिंतीतून बराच वेळ पाहत बसलो. वरचा थर सायीसारखा, पिवळसर पांढरा; त्यावर हॉप्सचे तपकिरी कण गोळा होऊन कडेला चिकटताहेत. खाली द्रव नुसता घुसळतोय, गाळाचे ढग खालून उठून वर येतात आणि भिंतीलगत परत खाली जातात. कोणी ढवळत नाहीये, हे सगळं वायूचं आणि उष्णतेचं काम.

उष्णतेचंच लिहितो, कारण पहिल्या बॅचच्या वेळी मला याची जाणीव नव्हती. खोलीत १८ अंश आहेत, पण फर्मेंटरवर चिकटवलेली पट्टी २१ दाखवतेय. आंबताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ऐन जोरात आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वरच असतं. म्हणून खोलीचं तापमान न लिहिता फर्मेंटरचं लिहायचं. २४-२५ च्या वर गेलं तर हे यीस्ट जड अल्कोहोल बनवतं, बिअर घशाला जाळते, केळ्यासारखा किंवा थेट थिनरसारखा वास येतो, आणि तो नंतर कितीही थांबलं तरी जात नाही. पहिले तीन दिवस सांभाळले की बरंचसं साधलं.

फर्मेंटर टबात ठेवला, टबात अर्ध्यापर्यंत पाणी, अंगाला ओला टॉवेल. रात्री पट्टी १९ वर आली. जीव भांड्यात पडला.

१४ जानेवारी (दिवस ४)

फेस खाली बसला. भिंतीवर तपकिरी कडं राहिलं आहे. बुडबुडा दर पंधरा सेकंदांनी.

१५ जानेवारी (दिवस ५)

पहिला नमुना. नळातून १०० मिलि, नळीत काढून हायड्रोमीटर गोल फिरवला, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि माप जास्त दिसतं.

१.०१९.

म्हणजे ४८ पैकी २९ अंक (घनतेचा हजारावा भाग तो एक अंक) पाच दिवसांत उतरले. वेग केवढा! पण हाच वेग फसवतो. यीस्ट साध्या साखरा आधी संपवतं, मग माल्टोज आणि शेवटी सावकाश माल्टोट्रायोज. शेवटचे पाच-सात अंक पहिल्या तीसापेक्षा जास्त दिवस खातात.

नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतायचा नाही, प्यायचा. चव: हिरव्या सफरचंदाची, कच्ची, थोडी लोण्यासारखीही. या दोन्ही चवींना नावं आहेत. सफरचंदाची चव ॲसिटाल्डिहाइडची. साखरेचं अल्कोहोल होताना अगदी शेवटच्या पायरीआधी तयार होणारं हे रसायन. लोण्याची चव डायॲसिटिलची. यीस्ट जोरात असताना ही दोन्ही बाहेर टाकतं आणि काम संपत आलं की परत आत घेऊन निरुपद्रवी करतं. म्हणजे बिअर फर्मेंटरमध्ये यीस्टवर आणखी काही दिवस राहिली तर ती स्वतःला साफ करते. घाईने बाटलीत भरली तर ही सफाई अर्धवट राहते.

१७ जानेवारी (दिवस ७)

मागच्या बॅचमध्ये आजच्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या.

एअरलॉक: पाच मिनिटं घड्याळ लावून बसलो, एक बुडबुडा. कुणीही म्हणेल की संपलं. माप: १.०१५.

माझा अंदाज आहे की ही १.०११-१२ च्या आसपास थांबेल. म्हणजे तीन अंक बाकी. हे तीन अंक बाटलीत उतरले तर काय होईल, त्याचं गणित आज कागदावर केलं. बिअरमधला वायू व्हॉल्यूममध्ये मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर एक व्हॉल्यूम. साध्या एलला दोन ते अडीच पुरतात. घनतेचा एक अंक बाटलीत उतरला की अंदाजे अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. तीन अंकांचे दीड. वरून मी प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत वायू तयार होण्यासाठीची, साखर २.४ च्या हिशेबाने घातलेली असणार. एकूण जवळजवळ चार. साध्या जाडीच्या बाटलीत तीनच्या वर जाणं म्हणजे धोकाच.

कपाटाच्या दारातला तो तुकडा या आकड्यातून आला होता. एअरलॉक खोटं बोलत नाही, पण त्याला विचारायचा तो प्रश्नच नाही. झाकणाच्या रबराला बारीक फट असेल तर आंबणं चालू असूनही तो शांत बसतो. उलट, खोली तापली तर आंबणं संपलेलं असूनही बुडबुडे सोडतो.

१९ जानेवारी (दिवस ९)

१.०१३. फर्मेंटर टबातून काढून खोलीच्या उबदार कोपऱ्यात ठेवला. आता तापमान २१ पर्यंत जाऊ द्यायचं. जोर ओसरल्यावर दोन अंशांनी वाढवलं तर बिघडत नाही, उलट आळसावलेलं यीस्ट जागं राहतं आणि डायॲसिटिलची सफाई लवकर होते.

२० जानेवारी (दिवस १०)

एअरलॉक पुन्हा सुरू! मिनिटाला तीन बुडबुडे. क्षणभर वाटलं, जंतुसंसर्ग झाला की काय. मग लक्षात आलं, काल मीच तापमान वाढवलं आहे. गार द्रवात वायू जास्त मावतो, तापला की बाहेर पडतो. परवाच लिहिलं होतं आणि आज डोळ्यांनी पाहिलं. खात्री नमुन्यानेच होईल, उद्या घेतो.

२१ जानेवारी (दिवस ११)

१.०१२. खाली उतरली, वर पातळ पापुद्रा नाही, आंबट वास नाही. कालचे बुडबुडे तापमानाचेच.

सफरचंद जवळजवळ गेलं. लोणी पुसट आहे, की मला उगीच वाटतंय?

२४ जानेवारी (दिवस १४)

१.०१२. तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा. आंबणं संपलं असं आज पहिल्यांदा खात्रीने लिहितो.

अल्कोहोलचा हिशेब: सुरुवात उणे शेवट, म्हणजे ०.०३६, गुणिले १३१.२५, ४.७ टक्के. आणि ४८ पैकी ३६ अंक उतरले, म्हणजे पंचाहत्तर टक्के. एल यीस्टकडून एवढीच अपेक्षा असते, तेव्हा ते मध्येच अडकून थांबलं असण्याची शंकाही मिटली. हे तपासावंच लागतं, कारण गारठ्याने झोपी गेलेलं यीस्टही तीन दिवस तोच आकडा दाखवतं आणि बाटलीच्या उबेत जागं होतं.

लोण्याच्या शंकेसाठी एक चाचणी केली. दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी बिअर. एक झाकण लावून साठ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं, दुसरी तशीच. मग दोन्ही गार करून वास. बिअरमध्ये डायॲसिटिलचा पूर्वज शिल्लक असेल तर उष्णतेने त्याचं डायॲसिटिल होतं आणि गरम केलेल्या बरणीला लोण्याचा स्पष्ट वास येतो. दोन्ही सारख्याच. तरी ताईला बोलावलं, न सांगता दोन्ही बरण्या तिच्या नाकाशी धरल्या.

“कशाचा वास यायला हवा?” तिने विचारलं.

“ते सांगितलं तर चाचणी कसली, ताई?”

“मला तर दोन्हीला पावासारखाच वास येतोय.”

एवढं पुरे. उद्या बाटल्या.

दुसऱ्या भांड्यात हलवून आणखी दोन आठवडे ठेवण्याची पद्धत मी वापरणार नाही. साध्या एलला तीन-चार आठवडे गाळावर राहिल्याने काही होत नाही, आणि हलवताना हवा लागण्याची, जंतू जाण्याची जोखीम मात्र नक्की. कधी कधी काही न करणं हेच योग्य काम असतं, आणि तेच मला सर्वांत अवघड जातं.

२५ जानेवारी (दिवस १५, बाटलीचा दिवस ०)

गाळ सोडून १७ लिटर मिळाली.

साखरेचा हिशेब सविस्तर लिहितो. हवे आहेत २.४ व्हॉल्यूम. आंबण्यात तयार झालेला थोडा वायू बिअरमध्ये आधीच आहे. किती, ते आंबणं संपल्यावर बिअर जास्तीत जास्त किती तापली त्यावर ठरतं. २१ अंशांना साधारण ०.८. म्हणजे १.६ बनवायचे. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे जवळपास २ ग्रॅम वायू, आणि एक ग्रॅम साध्या साखरेपासून अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त वायू होतो. उत्तर लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास. १७ लिटरला १०२ ग्रॅम. काट्यावर मोजून घेतली, चमच्याने नाही. ग्लुकोज पावडर वापरली असती तर साधारण दहा-बारा टक्के जास्त लागली असती.

साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार केली, दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओतली, आणि त्यावर सायफनने बिअर सोडली. नळीचं तोंड तळाशी, कडेला वळवलेलं, म्हणजे बिअर गोल फिरत भरते, साखर आपोआप मिसळते आणि खळखळ होऊन हवा लागत नाही. तरी शेवटी मोठ्या चमच्याने दोनदा अलगद ढवळलं. पहिल्या बॅचमध्ये प्रत्येक बाटलीत चमच्याने सुटी साखर टाकली होती. त्यामुळे बाटलीगणिक कमी-जास्त झालं असणार, आता उमगतंय.

बाटल्या सगळ्या तपकिरी, अर्ध्या लिटरच्या. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरतो आणि हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं, ज्याचा वास स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी ताडून पाहतात. मानेत अडीच सेंटिमीटर जागा सोडली. क्राउन बुचं कॅपरने दाबली; प्रत्येक बूच फिरवून पाहिलं, फिरलं तर पुन्हा दाबलं.

३२ काचेच्या, एक प्लास्टिकची. प्लास्टिकची कशाला, तर ती दाबून आतला दाब बोटांना कळतो. बाकीच्या उघडाव्या लागत नाहीत.

आता खरा प्रयोग. सोळा बाटल्या ‘उ’: उबदार कपाटात, २२ अंश. सोळा ‘गा’: गार खोलीत, जमिनीवर, १६ अंश. दोन्ही क्रेट झाकणाचे, वर जाड चादर. प्लास्टिकची ‘उ’ सोबत. तीच बिअर, तीच साखर, फरक फक्त सहा अंशांचा.

२८ जानेवारी (बाटली, दिवस ३)

प्लास्टिकची बाटली भरताना मऊ होती, आज अंगठ्याने दाबली तर थोडीच आत जाते. यीस्टने साखर पकडली.

१ फेब्रुवारी (दिवस ७)

माहितीपत्रकाच्या मते आज प्यायला तयार.

उ-१: बूच काढताना चांगला आवाज. मोठे मोठे बुडबुडे, फेस अर्ध्या मिनिटात गायब. जिभेवर आधी टोचतं आणि मग एकदम पाणचट. किंचित गोड. सफरचंदाची चव परत आली आहे! घाबरायचं कारण नाही. बाटलीत पुन्हा एक छोटं आंबणं सुरू आहे आणि त्याचीही तीच कच्ची अवस्था असणार.

गा-१: आवाज नाहीच. तळाशी दोन-चार बुडबुडे. साखर सरळ कळते.

एवढ्यावरून कुणीही नवखा माणूस ‘साखर कमी पडली’ असं ठरवून प्रत्येक बाटलीत आणखी साखर घालायला निघेल. असं कधीही करू नये. साखर आहे तिथेच आहे, तिला वेळ मिळालेला नाही.

८ फेब्रुवारी (दिवस १४)

प्लास्टिकची बाटली दगडासारखी कडक.

उ-२ घाईत उघडली, फ्रिजमध्ये जेमतेम तीन तास ठेवून. फेसच फेस, अर्धा ग्लास फेसाने भरला, आणि तो बसल्यावर बिअर निस्तेज. वायू तयार झालेला आहे, पण बिअर पुरेशी थंड नसल्याने तो ओतताना एकदम सुटला असावा. थंड बिअर वायू जास्त धरून ठेवते. तेव्हा दुसरी बाटली, उ-३, फ्रिजमध्ये ठेवली, परवा उघडणार. ‘गा’ मधलीही एक सोबत.

१० फेब्रुवारी (दिवस १६)

उ-३, ४८ तास थंड करून. तीच बॅच, तोच क्रेट, पण वेगळी बिअर म्हणावी इतका फरक. बुडबुडे बारीक, दोन बोटं फेस, तीन मिनिटं टिकला. सफरचंद अजून जराशी आहे.

गा-२, ४८ तास: फसफस निम्मी. गोडी कमी झाली आहे, संपलेली नाही.

१५ फेब्रुवारी (दिवस २१)

उ-४. आज ग्लास खिडकीजवळ धरून बघत राहिलो. तळातून एका ठरावीक जागेवरून बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर येतेय, वर फेसाला लागून थांबते आणि फेस तेवढाच राहतो. प्यायल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटाचं एकेक पांढरं कडं. बिअर निवळशंख, तळाचा गाळ इतका घट्ट बसला आहे की ओतताना शेवटचं बोटभर सोडेपर्यंत हलला नाही. सफरचंद गेलं. माल्टची पावासारखी चव पुढे आली आहे आणि हॉप्सचा कडवटपणा आता वेगळा टोचत नाही, तिच्यात मिसळून आहे.

तीन आठवडे, बावीस अंश, वर दोन दिवस फ्रिज. या बिअरपुरतं उत्तर हे आहे.

गा-३: वायू साधारण पाऊणपट. चव अजून कच्ची.

२२ फेब्रुवारी (दिवस २८)

ताईवर तीन ग्लासांची चाचणी. दोन ग्लासांत ‘गा’, एकात ‘उ’. कोणता वेगळा ते तिने ओळखायचं. तिने तिन्ही दोनदा प्यायले, मधला उचलला, परत ठेवला.

“अरे, डावीकडच्यात फेस जास्त आहे. पण चवीचं विचारशील तर मला काही कळत नाहीये.”

‘उ’ डावीकडेच होती. म्हणजे चवीत ‘गा’ जवळजवळ पोचली, वायूत अजून थोडी मागे. एकाच चाचणीत तिघांतला एक ग्लास योगायोगानेही ओळखता येतो, म्हणून पुढच्या वेळी हीच चाचणी निदान चार-पाचदा करायची.

८ मार्च (दिवस ४२)

गा-५ आणि उ-६ शेजारी शेजारी. मला फरक सांगता आला नाही. गार खोलीतल्या बाटल्यांना तेवढंच अंतर कापायला उबदार कपाटाच्या जवळपास दुप्पट वेळ लागला, इतकंच. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. सोळा अंशांतही एल यीस्ट काम करतं, फक्त सावकाश. याच्याही खाली ठेवल्या असत्या, तर ते कदाचित झोपीच गेलं असतं. अशा वेळी बाटल्या उबेत आणून, एकदा अलगद उलट्या-सुलट्या करून गाळ उठवायचा आणि पुन्हा दोन आठवडे द्यायचे.

आजची सर्वांत महत्त्वाची तपासणी: उ-६ मधली थोडी बिअर दोन ग्लासांत आलटून-पालटून ओतून वायू पूर्ण घालवला आणि माप घेतलं. १.०१२. भरताना होतं तेवढंच. प्रायमिंगची साखर तेवढी संपली, त्याखेरीज काही उतरलं नाही. क्रेटवरची चादर आज काढली.

आता हेही स्पष्ट लिहून ठेवायला हवं की तीन आठवडे हा आकडा सगळ्या बिअरला लागू नाही. पुढची बॅच १.०६५ ची गडद बिअर ठरवली आहे. तिथे अल्कोहोल जास्त, यीस्ट दमलेलं, म्हणून फर्मेंटरमध्ये तीन आठवडे आणि बाटलीत किमान सहा ते आठ धरतोय. अशा बिअरची चव महिनोन्महिने सुधारत जाते. उलट हॉप्सचा सुगंध हेच जिचं मर्म आहे अशा बिअरला वाट पाहायला लावणं म्हणजे तिचं नुकसान. वायू नीट भरला की ती थंड ठेवून लवकर संपवायची, कारण तो सुगंध पहिल्यांदा उडतो. आणि लागर यीस्टचं गणितच निराळं. ते दहा-बारा अंशांना आंबतं, त्यानंतर गोठणबिंदूच्या जवळ आठवडेच्या आठवडे मुरतं. तेवढी गार जागा माझ्याकडे नाही, त्यामुळे तूर्त तो विषय बाजूला.

शिल्लक: ‘उ’ १०, ‘गा’ ११. प्लास्टिकची आज ताई घेऊन गेली. फ्रिजमध्ये दोन दिवस उभी ठेव, आडवी नको, असं तिला दोनदा सांगितलं. प्रत्येक क्रेटमधल्या दोन दोन बाटल्यांवर ‘२५ जुलै’ असं लिहून मागच्या रांगेत ठेवल्या.

गडद बॅच १४ मार्चला. हायड्रोमीटर या वेळी डब्यात ठेवलेला नाही, फर्मेंटरशेजारीच आहे.